वायफायवरून फाईल शेअरिंग रडतखडत चालतंय? एकेक करून बघूया कुठे अडकतंय ते

मागच्या लग्नसराईत माझ्या मामेभावाचा रात्री साडेदहाला फोन. तो लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो, हॉलमध्ये डेस्कटॉप, बेडरूममध्ये लॅपटॉप, मधल्या पॅसेजमध्ये राउटर, एवढाच त्याचा स्टुडिओ. म्हणे, "दादा, ६० जीबी डेटा आहे, लॅपटॉपवरून डेस्कटॉपच्या शेअर फोल्डरमध्ये टाकतोय तर ६ तास दाखवतंय, उद्या नेटवाल्याला सांगून प्लॅन वाढवून घेऊ का?" म्हटलं थांब, नेटवाल्याचा ह्यात काडीचाही संबंध नाही, एक रुपया वाढवू नकोस. रविवारी त्याच्याकडे गेलो आणि मामीचं जेवण तयार होईपर्यंत ६ तासांचं काम १८ मिनिटांवर आलं, खर्च काय तर एक केबल. त्या दिवशी जे ज्या क्रमाने केलं तेच खाली लिहितोय, कारण ह्यात क्रमच महत्त्वाचा आहे, लोक शेवटची पायरी आधी करतात आणि मग "सगळं करून बघितलं, काही फरक नाही" म्हणत बसतात.

सगळं विंडोज धरून लिहितोय, बहुतेकांकडे तेच असतं. कमांड जिथे येतील तिथे मी मराठीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

आधी दोन गोंधळ मिटवा

घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाईल जाते तेव्हा ती घराबाहेर जातच नाही. लॅपटॉप ते राउटर, राउटर ते डेस्कटॉप, संपलं. नेटचा प्लॅन ४० चा असो नाहीतर ३०० चा, ह्या कॉपीला त्याने काही फरक पडत नाही, नेट पूर्ण गेलेलं असतानाही ती चालूच राहते, विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी नेट गेलं की करून बघा. म्हणून स्पीडटेस्टचा आकडा इथे कामाचा नाही.

दुसरा गोंधळ बिट आणि बाइटचा. नेटवाले, राउटरचा खोका, विंडोजमधली वायफायची माहिती, हे सगळे सेकंदाला किती मेगाबिट असं बोलतात आणि फाईल कॉपीची खिडकी सेकंदाला किती मेगाबाइट असं बोलते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटची लाइन असेल तर कॉपीच्या खिडकीत जास्तीत जास्त साडेबारा दिसणार, आणि वरखर्च जाऊन प्रत्यक्षात ११ च्या आसपास. टास्क मॅनेजर म्हणजे विंडोजमधली कशावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी, तिथला नेटवर्कचा आलेखसुद्धा बिटांत असतो, म्हणून तिथे ९० दिसतं आणि कॉपीत ११, दोन्ही बरोबरच.

त्यात वायफायचं आणखी एक. खोक्यावर किंवा सेटिंगमध्ये जो आकडा दिसतो तो हवेतला कागदोपत्री वेग. प्रत्यक्ष फाईलच्या वाट्याला त्यातला साधारण निम्मा येतो, कधी ६० टक्के. कारण वायफाय एका वेळी एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एकालाच बोलू देतं. घाटात रस्त्याचं काम चालू असलं की एकच लेन उघडी ठेवून आधी खालच्या गाड्या सोडतात मग वरच्या, तसंच. प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती परत यायची, पावती नाही आली तर तुकडा परत पाठवायचा, मध्ये शेजाऱ्याचं कोणी बोलत असेल तर थांबायचं. त्यामुळे ८६६ दाखवत असताना ५० ते ६० मेगाबाइट मिळाले तर ते चांगलंच चाललंय, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका.

मोजमाप, आणि त्या आलेखाचा आकार

एकच मोठी फाईल घ्या, २ ते ४ जीबीचा एखादा व्हिडिओ. फोल्डर नको, एकच फाईल. ती कॉपी करा आणि कॉपीच्या खिडकीत खाली "मोअर डिटेल्स" आहे ते उघडा, हिरवा आलेख दिसेल. मला विचाराल तर निम्मं निदान ह्या आलेखातच असतं आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही.

आलेख सपाट आणि ११ च्या जवळ अडकलेला असेल तर तुमच्या रस्त्यात कुठेतरी १०० मेगाबिटचं पोर्ट किंवा खराब केबल आहे, त्यावर पुढे येतोच. सपाट पण ३० ते ४० च्या मध्ये असेल आणि फाईल बाहेरच्या हार्डडिस्कवर जात असेल तर ती डिस्क बहुतेक यूएसबी २ च्या खाचेत लावलीय, निळ्या रंगाची खाच शोधा. सुरुवातीला झोकात आणि मग धपकन खाली येऊन तिथेच राहिला, तर समोरच्या डिस्कला लिहायला जमत नाहीये, आधीचा जोर नुसता रॅममध्ये साठवण्याचा होता. आणि दाते पडल्यासारखा वर-खाली वर-खाली, मध्येच शून्यावर, असा असेल तर ती हवेची भानगड, सिग्नल किंवा शेजारपाजारची गर्दी.

मामेभावाचा आलेख शेवटच्या प्रकारातला होता, सरासरी २.८ मेगाबाइट. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर तीच फाईल, त्याच जागेवर बसून, परत कॉपी करायची आणि नवा आकडा खाली लिहायचा. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि आपल्याकडे हीच सवय आहे, सगळ्या गोळ्या एकदम घ्यायच्या.

डिस्कवर संशय असेल तर तो आधीच फेडून घ्या. तीच फाईल डेस्कटॉप मशीनच्या आतल्या आत, ज्या डिस्कमध्ये शेअर फोल्डर आहे तिथेच कॉपी करून बघा. तिथेही १०-१५ च येत असेल तर वायफायला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्ह शेअर करणाऱ्यांनी तर हे करायचंच, स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग बघून रडू येतं. राउटरच्या मागे यूएसबी खाच असते आणि तिथे डिस्क लावून "घरचा सर्व्हर" करायचा मोह होतो, तिथे डिस्क कितीही भारी असली तरी राउटरमधला प्रोसेसर दमतो, त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

ज्यांना जरा खोलात जायचंय त्यांनी आयपर्फ-थ्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही मशीनवर टाकावं. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्कचा वेग सांगतं. तिथे चांगला आकडा आणि कॉपीत घाण आकडा, तर दोष डिस्क, अँटिव्हायरस किंवा शेअरिंगचा, दोन्हीकडे घाण तर दोष नेटवर्कचा. नवख्या माणसाला हे नाही केलं तरी चालतं.

एकाच फाईलचे हवेतून दोन फेरे

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात राहू द्या.

लॅपटॉप वायफायवर, डेस्कटॉपही वायफायवर, तर फाईलचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. एकदा लॅपटॉपवरून राउटरकडे, आणि मग तोच तुकडा राउटरकडून डेस्कटॉपकडे, त्याच चॅनेलवर, म्हणजे घाटातल्या त्याच एका लेनमधून. दोघं शेजारी-शेजारी ठेवले तरी थेट बोलत नाहीत, राउटरमार्गेच बोलतात. म्हणून जो काही खरा वेग मिळत होता त्याचा सरळ अर्धा होतो. मामेभावाकडे दोन्ही मशीन ७२ मेगाबिटवर जोडलेली, खरा वेग ४५ च्या आसपास, त्याचा अर्धा साडेबावीस, त्याला आठने भागा, २.८. बरोब्बर त्याचा आकडा. बिचाऱ्या राउटरची काही चूकच नव्हती.

मध्ये रिपीटर असेल, म्हणजे ते भिंतीतल्या प्लगला लावायचं पांढरं डबडं, तर आणखी एक फेरा. स्वस्तातलं एकाच बँडचं (बँड म्हणजे वायफायचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) रिपीटर जे ऐकतं तेच परत त्याच चॅनेलवर ओरडतं. सिग्नलचे दांडे फुल दिसतात आणि वेग मात्र आणखी निम्मा, मोबाईलवर व्हिडिओ बघायला ठीक, फाईल शेअरिंगला नको.

तर पहिलं काम: दोघांपैकी जे मशीन जागचं हलत नाही ते केबलने राउटरला जोडा. नुसतं एक. लॅपटॉप राहू दे वायफायवर. हवेतला एक फेरा वाचला की वेग जवळपास दुप्पट. भावाच्या हॉलमध्ये टीव्हीमागे वायरमनने फ्लॅट घेताना एक लॅन पॉइंट, म्हणजे नेटवर्क केबलची भिंतीतली खाच, काढून ठेवला होता, कधी वापरलाच नव्हता, त्यातून डेस्कटॉप जोडला आणि २.८ चे ५.२ झाले. ६ तासांचे सव्वातीन. केबल लावल्यावर डेस्कटॉपचं वायफाय बंद करून टाका, दोन्ही चालू ठेवले तर नंतर कुठला आकडा कुठून येतोय हा घोळ होतो.

केबल शक्यच नसेल तर एक जुगाड आहे. डेस्कटॉपवर विंडोजचा मोबाईल हॉटस्पॉट चालू करायचा, बँड ५ गिगाहर्ट्झ निवडायचा आणि लॅपटॉप राउटरऐवजी त्या हॉटस्पॉटला जोडायचा. मधला राउटर गेला, फेरा एकच राहिला. कायमचा उपाय म्हणून नाही, पण एखाद दिवशी मोठा डेटा हलवायचा असेल तर चालून जातं.

आता हवा साफ करा

लॅपटॉप नक्की कितीवर जोडलाय ते बघा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि मग तुमच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज. तिथे लिंक स्पीड (राउटरशी जोडणीचा तोच कागदोपत्री वेग), बँड, चॅनेल सगळं लिहिलेलं असतं. किंवा कमांड प्रॉम्प्ट (स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं की उघडणारी काळी खिडकी) उघडून त्यात नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस, त्यात सिग्नल टक्क्यांमध्ये पण दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सगळं बाहेर येतं.

२.४ गिगाहर्ट्झवर असाल तर लिंक स्पीड बहुतेक ७२, १४४ किंवा १५० असं काहीतरी दिसेल. ५ गिगाहर्ट्झवर वायफाय ५ वालं मशीन असेल तर ४३३ किंवा ८६६, वायफाय ६ असेल तर १२०० च्या आसपास. फरक कळलाच असेल. २.४ भिंती जास्त भेदतं, लांब जातं, पण तिथे गर्दी बेसुमार. आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनेल आहेत पण ती एकमेकांवर चढलेली असतात, एकमेकांना न घासणारी तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत एका मजल्यावर चार फ्लॅट, वर चार, खाली चार, सगळे ह्या तीन चॅनेलमध्ये, वरून ब्लूटूथ, वायरलेस माउस, शिवाय मायक्रोवेव्ह, तोही ह्याच पट्ट्यात चालतो. मामीने भाजी गरम करायला ठेवली की कॉपी अडखळते हे आम्ही समोर बसून बघितलंय.

त्यामुळे ५ वर जा. हल्लीच्या राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असतं आणि कोणाला कुठे पाठवायचं ते राउटर ठरवतो, आणि बरेचदा मूर्खासारखं ठरवतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते "स्मार्ट कनेक्ट" किंवा तत्सम नावाचं बटण बंद करा, ५ वाल्याला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉपवर फक्त तेच जोडा, जुनं नाव "फर्गेट" करा नाहीतर लॅपटॉप परत तिकडे पळतो. राउटरचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर बघा. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेलची रुंदी ८० ठेवा. २.४ मध्ये मात्र रुंदी २० च ठेवा, ४० केली की आकडा मोठा दिसतो पण दुप्पट शेजाऱ्यांशी भांडण.

राउटरमध्ये शिरलाच आहात तर सिक्युरिटीचा प्रकार बघून घ्या. जुन्या राउटरवर कधी कधी डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही कालबाह्य कुलपं निवडलेली असतात, आणि त्यावर वायफाय नियमानुसारच ५४ च्या वर जात नाही, बाकी काहीही करा. डब्ल्यूपीए-२ आणि एईएस, किंवा डब्ल्यूपीए-३, हेच हवं. ही एक गोष्ट बदलून वर्षानुवर्षांचा स्लो राउटर पळायला लागलेला मी बघितलाय.

मग जागा. राउटर कुठे ठेवतात लोक? टीव्हीच्या मागे, बुटांच्या कपाटात, माळ्यावर, कारण तो दिसायला नको. दिसायला नको तर मग चालायलाही नको. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, आरसीसीचा खांब, फ्रिज, ह्यांच्या आडून ५ गिगाहर्ट्झचा जीव जातो. भावाच्या बेडरूममध्ये नेमकं दोन दारांचं लोखंडी कपाट राउटर आणि टेबलाच्या मध्ये. कपाट हलवणं म्हणजे मामीशी युद्ध, म्हणून टेबल सरकवलं, चार फूट. सिग्नल ५५ टक्क्यांवरून ८५ वर.

अजून एक बारीकशी पण खरी गोष्ट. यूएसबी ३ ची हार्डडिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज करते, इंटेलने २०१२ मध्ये ह्यावर रीतसर पेपर काढला होता. तुमचा डेस्कटॉप त्या छोट्या वायफाय डोंगलवर चालत असेल आणि डोंगलच्या शेजारच्याच खाचेत डिस्क असेल, तर कॉपी सुरू केली की वायफाय मरतं आणि कॉपी थांबवली की जिवंत होतं, माणूस वेडा व्हायची पाळी. डोंगल यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरने हातभर लांब न्या.

सगळं झालं की राउटरला पिंग करून बघा, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता, स्पेस, डॅश एन, स्पेस, ५०. सगळी उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदात आली तर हवा साफ. मध्येच १५०, २०० किंवा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल तर अजून साफ नाही, चॅनेल बदला, जागा बदला. राउटरला हात लावायचा कंटाळा असेल तर निदान लॅपटॉप उचलून राउटरच्या समोर दोन मीटरवर बसून एकदा मोजा. तिथे झकास आणि बेडरूममध्ये खराब, तर भिंतीच कारणीभूत आहेत आणि सेटिंग खेळून काही मिळणार नाही.

अकराची भिंत

तर ५ वर आलो, लिंक स्पीड ८६६ दिसायला लागला, आम्ही खूश, कॉपी लावली आणि आलेख ११.३ वर जाऊन पट्टीने आखल्यासारखा सपाट. ६० जीबीला दीड तास. भाऊ म्हणाला, "मस्त की दादा, बास झालं." मी म्हटलं नाही, ह्या सरळ रेषेचा अर्थ वायफाय आता थांबवत नाहीये, दुसरंच काहीतरी थांबवतंय.

इथे दोन संशयित. एक म्हणजे राउटरचं स्वतःचं पोर्ट. "३०० एमबीपीएस" म्हणून मिळणाऱ्या स्वस्त राउटरांची लॅन पोर्टं बहुतेक १०० मेगाबिटची असतात. कित्येक स्वस्त ड्युअल बँड राउटर, खोक्यावर १२०० लिहिलेले, त्यांचीही पोर्टं १०० च. खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर "गिगाबिट" किंवा १०/१००/१००० लिहिलेलं हवं, नुसतं १०/१०० असेल तर ती भिंत राउटर बदलेपर्यंत राहणार. नवीन घेणार असाल तर अँटेना किती आहेत हे मोजू नका, हे एवढं वाचून घ्या.

दुसरा संशयित केबल. गिगाबिटला केबलमधल्या आठच्या आठ तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. भावाचा राउटर गिगाबिटचा होता, म्हणून डेस्कटॉपवर इथरनेटचा, म्हणजे केबलच्या जोडणीचा, लिंक स्पीड बघितला तर १००/१००. टीव्हीमागचा तो पॉइंट उघडला, आतमध्ये चार तारा जोडलेल्या आणि चार नुसत्याच मागे वळवून ठेवलेल्या, एका केबलीत दोन कामं करायचा वायरमनचा हिशोब असणार. दुकानातून कॅट ६ ची १० मीटरची तयार केबल आणली, तयार म्हणजे दोन्हीकडे कनेक्टर बसवलेली, स्कर्टिंगच्या कडेने हॉलमध्ये नेली. लिंक स्पीड १०००, कॉपी ५५. अठरा मिनिटं. कॅट ५ ई पण चालते, घरातल्या अंतराला दोन्हीत फरक पडत नाही, फक्त आठही तारा जोडलेल्या हव्यात आणि कनेक्टरची ती प्लॅस्टिकची जीभ तुटलेली नको.

एक फाईल पळते पण फोटोंचं फोल्डर रांगतं

हा वेगळा आजार आहे आणि ह्यासाठी हवा, केबल काही कारण नाही. विंडोजचं शेअरिंग एसएमबी नावाच्या पद्धतीने चालतं, त्यात प्रत्येक फाईलसाठी उघड, बनव, लिही, तारीख लाव, बंद कर असे बरेच निरोप इकडून तिकडे जातात आणि प्रत्येक निरोपाला उत्तराची वाट बघावी लागते. ४ जीबीच्या एका व्हिडिओला हे एकदाच, पण तेवढ्याच आकाराच्या ८ हजार छोट्या फोटोंना ८ हजार वेळा. वायफायवर प्रत्येक फेरीला दोन-चार मिलिसेकंद धरले तरी बेरीज बघा. त्यात दोन्हीकडचा अँटिव्हायरस प्रत्येक फाईल उघडून हुंगतो.

सोपा उपाय झिप. लॅपटॉपवरच सगळ्याची एक झिप करा, ती एक फाईल पाठवा, तिकडे उघडा. फोटो झिप करून लहान होत नाहीत, नाही होईनात, आपल्याला फक्त संख्या कमी करायचीय. दुसरा उपाय विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी कमांड: रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, मग स्लॅश ई आणि स्लॅश एमटी कोलन १६. म्हणजे १६ फाईली एकदम, एक उत्तराची वाट बघत असेल तोवर बाकीच्या पळतात. मध्येच तुटलं तर तीच कमांड परत मारा, झालेल्या फाईली सोडून पुढे जाते, म्हणून मला तर नेहमीच्या कॉपी-पेस्टपेक्षा हीच आवडते. एक इशारा, स्लॅश एमआयआर नावाचा पर्याय लोक सांगतात, तो पलीकडच्या जास्तीच्या फाईली उडवतो, नीट कळल्याशिवाय लावू नका.

फोल्डर नुसतं उघडायलाच वेळ लागतोय, हिरवी पट्टी वर सरकत बसते, असं असेल तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ आणि तिथे "पिक्चर्स"च्या जागी "जनरल आयटम्स" करा. नाहीतर विंडोज प्रत्येक फोटो-व्हिडिओ उघडून माहिती आणि छोटं चित्र काढत बसतं, वायफायवरून. मशीनच्या नावाऐवजी दोन उलटे स्लॅश आणि थेट आयपी पत्ता (मशीनचा आकड्यांतला पत्ता) टाकून उघडून बघा, नाव शोधण्यातच कधी कधी १०-१५ सेकंद जातात. आणि "धिस पीसी"मध्ये जुने लाल फुलीवाले नेटवर्क ड्राइव्ह पडले असतील तर काढून टाका.

लॅपटॉपच्या सवयी, आणि कशाला हात लावायचा नाही

बॅटरीवर असताना विंडोज वायफाय कार्डाला डुलक्या काढायला लावतं. चार्जर लावून मोजा, फरक पडला तर पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये वायरलेस अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज, मॅक्सिमम परफॉर्मन्स. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, मग चार्जर लावूनच काम करा. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) बंद करून बघा, तो घरातली वाहतूकसुद्धा अडवतो किंवा लांबून फिरवून आणतो. आणि दोन मशीन एकमेकांना दिसतच नसतील तर आधी बघा एखादं गेस्ट वायफायवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, नाही ना, तिथे मुद्दामच एकमेकांशी बोलू देत नाहीत.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर बऱ्याच जणांचे जुने शेअर उघडेनासे झाले. त्यात प्रो आवृत्तीला पासवर्डशिवायचं गेस्ट लॉगिन बंद आणि एसएमबी साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खरेपणाचा शिक्का, सक्तीचं झालं. त्यावर उपाय म्हणजे शेअर करणाऱ्या मशीनवर रीतसर युजर आणि पासवर्ड करणे, आणि लक्षात ठेवा, तिथे पिन चालत नाही, खरा पासवर्डच लागतो, ह्यावर माझा एकदा अख्खा तास गेलाय. साइनिंगमुळे प्रोसेसरवर थोडा भार येतो, पण वायफायवर हवाच आधी संपते, त्यामुळे वेगासाठी म्हणून ते बंद करू नका.

व्हिडिओंमध्ये सांगतात एसएमबी-१ (त्याच शेअरिंगची सगळ्यात जुनी आवृत्ती) चालू करा. करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो त्याच जुन्या भोकातून, त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ते बंद येतं, आणि वेगालाही ते हळूच आहे. तसंच रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) हे बदला, ऑटोट्यूनिंग (एका दमात किती डेटा घ्यायचा हे विंडोजने ठरवणं) बंद करा, जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठे तुकडे) लावा, हे सल्ले. जंबो फ्रेम वायफायवर कामाच्या नाहीत आणि ऑटोट्यूनिंग बंद केलं तर बहुतेक वेळा वेग वाढायच्या ऐवजी कमीच होतो. आधी कोणाच्या सल्ल्याने बंद केलं असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच आयएनटी टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल इक्वल टू नॉर्मल, असं मारून परत चालू करा. मूळ कमांडमध्ये "इक्वल टू"च्या जागी बरोबरचं चिन्ह, दोन्ही बाजूंना स्पेस नाही.

आणि समजा भाड्याचं घर, राउटर घरमालकाचा, काहीच बदलता येत नाही आणि आज रात्रीच २०० जीबी हलवायचेत, तर वायफाय विसरा. दोन्ही मशीनना लॅनचं पोर्ट असेल तर एक केबल घेऊन थेट एकमेकांना जोडा, मध्ये राउटर नको, हल्लीच्या पोर्टांना क्रॉस केबल वगैरे लागत नाही. दोन्हीकडचं वायफाय तेवढ्यापुरतं बंद करा, एखादं मिनिट थांबा, दोघं आपापसात १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात. नवं नेटवर्क "पब्लिक" म्हणून आलं असेल आणि शेअर दिसत नसेल तर ते "प्रायव्हेट" करा, मग दोन उलटे स्लॅश आणि समोरच्याचा तो पत्ता टाकून शेअर उघडा. दोन्हीकडे एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर ११० च्या आसपास मिळेल, म्हणजे २०० जीबी अर्ध्या तासात. पातळ लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चं गिगाबिट अ‍ॅडॅप्टर मिळतं, घेताना "गिगाबिट" वाचून घ्या, नाहीतर तिथेही तीच अकराची भिंत.